आईचा भूकंप, मुलीची भीती: किल्लारीनंतरच्या पिढीतल्या एका प्रश्नाचं उत्तर

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय सत्तावीस, जन्म लातूर जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावातला, लग्नानंतर पुण्यात, पदरात दोन वर्षांची मुलगी. आई किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिचे दोन धाकटे भाऊ आणि आजी ढिगाऱ्याखाली गेले. त्या रात्रीबद्दल आई अवाक्षर काढत नाही. माहेरी मात्र रात्री दाराला कडी लावायची नाही, दिवा मालवायचा नाही, दाराशी कपड्यांची पिशवी तयार हवी, आणि मुलं फार खिदळली की आई लगेच दटावते. आता ही ताई स्वतः रात्री चार-पाचदा उठून मुलीचा श्वास चालू आहे ना ते बघते. सासूबाईंनी खोलीची कडी लावली तेव्हा ती इतकी ओरडली की घर जागं झालं. ती विचारते: हे माझ्या जनुकांत आलंय का? आईला बोलतं करू का? नातेवाईक पितृदोष सांगतात, मैत्रीण ‘अ‍ॅन्सेस्ट्रल हीलिंग’चं, म्हणजे पूर्वजांच्या दुःखाचं ओझं उतरवण्याचं, शिबिर सुचवते, त्याचं काय करू? आणि माझ्या मुलीतही हे उतरेल का?

ताई, मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि बरीच वर्षं मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या कुटुंबांबरोबर काम करते आहे. भूकंप अंगावर घेतलेली माणसं मी पाहिली आणि त्यांच्या पोटी नंतर जन्मलेली मुलंही. खाली जी उदाहरणं देते त्यांतले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

आधी त्या रात्रीबद्दल बोलू, कारण तुमच्या घरातले नियम तिथून निघालेले दिसतात. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनं आटोपून माणसं उशिरा घरी आली आणि दमून झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, एकोंडी, राजेगाव अशी गावंच्या गावं बसली. सरकारी आकड्यानुसार ७,९०० हून अधिक माणसं गेली. घरं दगड-मातीची, भिंती दोन-तीन फूट जाड, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीत लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या मनात अजून तेच सलतं: तेव्हा आम्ही बाहेर झोपत होतो, मग आत का गेलो?

आता तुमच्या घरातल्या नियमांकडे पुन्हा बघा. मुलं खिदळली की आई दटावते. तिच्या आयुष्यातली सर्वांत वाईट पहाट गावाच्या आनंदाच्या रात्रीनंतर उजाडली होती. दाराशी पिशवी, त्या पहाटे माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, आणि मग पावसात दिवस काढले. दिव्याचं तर सांगायलाच नको. हे सगळं मी तुमच्या आईच्या तोंडून ऐकलेलं नाही, त्यामुळे ते तसंच असेल असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण अशा घरांत बहुतेक नियमाला एक प्रसंग चिकटलेला असतो, आणि मुलांपर्यंत नियम पोचतो, प्रसंग पोचत नाही.

कडीचं एक उदाहरण देते. तुमच्या आईच्याच वयाच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी चोविशीची, नोकरी करणारी. वसतिगृहात बंद खोलीत तिला धाप लागायची. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाईंनी माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी चौकट करून दाखवली. मग एक हात तिरका केला. ‘अशी झाली बघा चौकट. कडी कोयंड्यात अडकली. वडील आतनं ओढायलेत, काका बाहेरनं लाथा घालायलेत, निघंना.’ त्या घरातले चौघं वाचले ते मागच्या भिंतीला भगदाड पडलं म्हणून. शेजारी बसलेली मुलगी आईकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘एवढंच होतं? मला लहानपणापासून वाटायचं, रात्री कुणीतरी आत येणार आहे.’

आईनं तिला फक्त ‘कडी लावायची नाही’ एवढंच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नाही, म्हणून मुलीनं स्वतःच्या बुद्धीनं एक कारण तयार केलं, आणि ते खऱ्या कारणापेक्षा जास्त भीतिदायक होतं. भूकंप होऊन गेलेला असतो, त्याला तारीख असते, शेवट असतो. ‘कुणीतरी येणार आहे’ याला शेवट नसतो. माझ्या अनुभवात पिढीजात आघातातला मोठा वाटा असा, बिनकारणाच्या नियमांतून उतरतो. उपचाराचा मोठा भागही म्हणूनच नियम आणि प्रसंग यांची पुन्हा गाठ घालून देण्याचा असतो.

तुमच्या जनुकांच्या प्रश्नाकडे येते, कारण मोबाइलवर याबद्दल फार बेधडक बोललं जातं. २०१३ साली अमेरिकेत ब्रायन डायस आणि केरी रेस्लर यांनी उंदरांना एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य झटका दिला. त्या उंदरांच्या पिलांत आणि नातवंडांतही त्या वासाला जास्त प्रतिसाद दिसला. न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांनी २०१६ मध्ये ज्यू वंशसंहारातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं यांच्यात ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा तपासल्या आणि दोन्ही पिढ्यांत बदल नोंदवले. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण माणसं मोजकी, आणि ती मुलं त्याच आईवडिलांच्या घरात वाढलेली. रक्तातून काय आलं आणि घरातून काय आलं हे त्यातून वेगळं काढता येत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या डच दुष्काळाचा, तेव्हा पोटात असलेल्या मुलांवर पुढे दिसलेल्या परिणामांचा, दाखलाही नेहमी दिला जातो. तिथे गर्भावर थेट उपासमारीचा परिणाम झाला होता. तुमचा जन्म भूकंपानंतर पाच वर्षांनी झालेला.

याच्या दुसऱ्या बाजूला एक निष्कर्ष आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. नेदरलँड्सचे मारिनस फान आयझेनडोर्न आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वंशसंहारातून वाचलेल्यांच्या मुलांवरचे ३२ गटांचे, चार हजारांहून जास्त माणसांचे अभ्यास एकत्र तपासले. उपचारासाठी न आलेल्या, सर्वसाधारण लोकांतून निवडलेल्या मुलांत त्यांना इतरांपेक्षा जास्त मानसिक त्रास आढळला नाही. म्हणजे इतक्या भयंकर आघातानंतरही पुढची पिढी सरसकट आजारी पडत नाही. ‘माझ्या रक्तातच आहे’ हे वाक्य तुम्ही मनातून काढून टाका. ते सिद्ध झालेलं नाही, आणि ते मानलं की माणूस हात टेकतो.

उतरतं ते रोजच्या जगण्यातून. तुमच्या आईला अजून दचकून जाग येत असेल, तर तुम्ही लहानपणी तिच्या कुशीत ते दचकणं अंगानं शिकलात. ती काही वेळा एकदम कोरडी, दूर गेल्यासारखी वाटत असेल, तर मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मी पाहिलेल्या काही कुटुंबांत भूकंपानंतर जन्मलेल्या मुलाला गेलेल्या मुलाचं नाव ठेवलं होतं. त्या भागात सगळी मुलं गमावलेल्या काही जोडप्यांनी नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रियाही करून घेतली होती. त्यांचं दुःख समजतं. पण दुसऱ्याच्या नावानं जगणाऱ्या त्या मुलाला स्वतःच्या वाट्याचं चुकण्याची मुभा फार कमी मिळते. आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. मुलगी काही दुःख सांगायला गेली की, ‘आमच्यावर काय वेळ आली होती माहितीय का?’ आईचा हेतू दुखावण्याचा नसतो. पण मुलगी शिकते की आपल्या दुःखाला या घरात जागा नाही, कारण सगळी जागा एका मोठ्या दुःखानं आधीच व्यापलेली आहे. तुमच्या पत्रात तीन वेळा ‘आईच्या मानानं माझं काहीच नाही’ असं आलंय. तुमचंही आहे, ताई. त्याची तुलना करायची नाही.

याला फक्त तुमच्या घराचा दोष समजू नका. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. रुंद रस्ते, सरळ रांगा, पक्की घरं मिळाली. ती गरजेची होती. पण जुन्या गल्ल्या मोडल्या, भावकी विखुरली. संध्याकाळी पारावर किंवा ओट्यावर जे बोलणं आपोआप व्हायचं, ज्यात चौदा वर्षांची पोर नुसती बसून ऐकत राहिली असती आणि हळूहळू स्वतःही बोलली असती, ते थांबलं. बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला आणली. त्या मुलांना निदान सोबत तशीच मुलं होती. गावात राहिलेल्या तुमच्या आईसारख्या मुलींना बहुतेक वेळा थोरांचा स्वयंपाक करायला लावलं गेलं आणि दोन-तीन वर्षांत लग्न लावून दिलं गेलं. तिला शोक करायला सवड कुणी दिली नाही.

आता उपायाचं. सुरुवात आईपासून नाही, तुमच्यापासून करा.

बाळंतपणानंतर सुरू झालेलं हे श्वास बघणं निव्वळ ‘वारसा’ आहे असं समजून बसू नका. प्रसूतीनंतरची चिंता आणि ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) यांत अगदी हेच लक्षण असतं, आणि ते नीट बरं होतं. एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. मुळाशी भूकंप असेल म्हणून आजच्या दुखण्यावर आज औषध नको, असं होत नाही. कित्येक जण पिढ्यांचं मूळ शोधत बसतात आणि सहा महिन्यांत आटोक्यात येणारा त्रास सहा वर्षं सोसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

श्वास बघणं एकदम बंद करू नका, जमणार नाही. चारदा उठत असाल तर पहिल्या आठवड्यात तीनदा ठरवा, आणि वेळा आधीच कागदावर लिहून ठेवा. मधे जाग आली आणि उठावंसं वाटलं तर दहा मिनिटं अंथरुणातच थांबा. छातीत धडधडेल. धडधड वाढेल, एका टोकाला जाईल आणि उतरेल. ती उतरताना तुम्ही जाग्या असणं महत्त्वाचं, कारण तुम्ही न बघताही मुलगी ठीक असते हे शरीराला तेव्हाच कळतं. नवऱ्याला विश्वासात घ्या. ‘ती बरी आहे’ असं त्यांनी दर वेळी सांगायचं नाही, हेही त्यांना समजावून ठेवा. नाहीतर उठून बघण्याची जागा विचारण्यानं घेतली जाते.

कडीचा सराव दिवसा करा. दुपारी, घरात माणसं असताना, स्वतःच्या हातानं कडी लावा, मोजून दहा श्वास घ्या, उघडा. कडी सहज सरकते ना बघा, तेल घाला. मग संध्याकाळी. मग रात्री, पण लावणार तुम्हीच. दुसऱ्यानं लावलेली कडी ही शेवटची पायरी. सासूबाईंना तुमच्या माहेरची गोष्ट माहीत आहे का? बहुतेक नसावी. त्यांना ती सांगा. ‘सून आरडाओरडा करते’ आणि ‘सुनेचे दोन मामा तसे गेले’ यांत त्यांच्या वागण्यात पडणारा फरक तुम्हालाच दिसेल.

भूकंपाची खरी तयारी मात्र जरूर ठेवा: जड कपाट भिंतीला पक्कं करणं, पलंगावर जड वस्तू लटकत नाही ना पाहणं, हादरा बसला तर मजबूत टेबलाखाली शिरून डोकं झाकणं. एवढं केलं की सावधगिरीचं काम झालं. त्यानंतर उरतं ते भय, आणि त्याच्याशी वेगळं वागायचं.

आता आई. तिला ‘सगळं मोकळं कर’ म्हणून समोर बसवू नका. आघातानंतर माणसाला एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती; तिचा उपयोग होत नाही आणि काहींचा त्रास वाढतो, हे आता माहीत झालं आहे. हातात काम असताना बोलणं सोपं जातं. शेंगा फोडत, डाळ निवडत बसलेल्या असाल तेव्हा भूकंपाच्या आधीचं विचारा. जुनं घर कसं होतं? माळवदावर काय वाळत घालायचे? धाकटा मामा कसा खोडकर होता? गेलेल्या माणसांच्या मरणाखेरीज त्यांचं बाकी सगळं या घरांतून पुसलं गेलेलं असतं. तुमच्या दोन मामांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? पत्रात तुम्ही ती लिहिलेली नाहीत, म्हणून विचारते. एखाद्या दिवशी आई नावं घेईल, त्यांना काय आवडायचं ते सांगेल. तेवढंच झालं तरी पुष्कळ झालं.

ती त्या पहाटेपर्यंत पोचली तर पोचू द्या, पण तिला तिथेच सोडून उठू नका. ‘मग तुला कुणी काढलं? पहिलं पाणी कुणी दिलं? कुठल्या शेडमध्ये राहिलात? शाळा पुन्हा कधी सुरू झाली?’ असं विचारत गोष्ट वाचण्यापर्यंत, पुढच्या दिवसांपर्यंत आणा. हात थांबले, नजर एका जागी लागली, हाक ऐकू येईना, तर गोष्ट तिथेच थांबवा. खांद्याला हात लावून आजचं बोला: ‘आई, आपण पुण्यात आहोत. आज बुधवार आहे. नात उठली बघ. चहा ठेवू?’ असं वारंवार होत असेल, रात्री ओरडून उठणं असेल, तर तिला उपचारांची गरज आहे. ‘आता तीस वर्षांनी काय’ असं म्हणू नका. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आठवणींवर काम करणारा उपचार) या दोन्ही पद्धती जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेल्या आहेत, आणि जुन्या आघातांवरही त्या चालतात. प्रशिक्षित माणूस आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. जवळ कुणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुम्हाला किंवा आईला कधी जीव नकोसा वाटू लागला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आई कधीच बोलली नाही तर? तिचा तो हक्क आहे. मग थोरल्या मामांना, मावशीला, गावातल्या जुन्या शेजाऱ्यांना विचारा. दर ३० सप्टेंबरला किल्लारीत गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. एकदा जाऊन या, जमलं तर आईला विचारून तिच्याबरोबर. आणि आईची गोष्ट हाती लागल्याशिवाय तुम्ही बऱ्या होणारच नाही, असंही नाही. तुमचं झोपेचं, कडीचं काम तिच्यावाचून अडलेलं नाही.

पितृदोषाबद्दल. तो भूकंप झाला आणि लगेच पितृपंधरवडा लागला. गावागावांत एकाच पहाटे गेलेली इतकी माणसं, ज्यांचे शेवटचे विधीही धड झाले नाहीत. सामुदायिक चिता पेटल्या. त्यामुळे ‘काहीतरी राहून गेलंय’ ही नातेवाइकांची भावना मला खोटी वाटत नाही. खरंच राहून गेलंय. तुमची श्रद्धा असेल तर श्राद्ध करा, मामांच्या नावानं पान वाढा, आईला त्यांच्या आवडीचा पदार्थ विचारा. त्यानं शोकाला वाट मिळते. पण गेलेल्या मुलांचा कोप झाला म्हणून तुमच्या लेकीला धोका आहे, असं सांगून कुणी हजारोंचा विधी करायला लावत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. ती लहान मुलं होती. ती कुणाला त्रास द्यायला आलेली नाहीत.

शिबिरांबद्दल मी थोडी कडक आहे. दोन दिवसांत सात पिढ्यांचं ओझं उतरवतो, असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. अनोळखी माणसं तुमच्या आजीची, मामांची भूमिका करतात, गलबलून येतं, मोकळं वाटतं. आणि सोमवारी घरी आल्यावर झोप उडालेली असते तेव्हा फोन उचलायला कुणी नसतं. अशा शिबिरानंतर बिघडून आलेली माणसं मी पाहिली आहेत. विचारायचे प्रश्न साधे आहेत: तुमचं शिक्षण काय, नंतर त्रास झाला तर कोण बघणार, मधेच थांबायचं असेल तर चालेल का? उत्तरं टाळली गेली तर परत या.

आणि तुमची मुलगी. १९७५ मध्ये अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग यांनी बालपणी भयंकर सोसलेल्या आयांचा अभ्यास मांडला. काही जणी आपल्या बाळाशी तसंच वागत होत्या, काही अजिबात नव्हत्या. ज्यांना काय घडलं एवढंच नव्हे, तर तेव्हा आपल्याला कसं वाटलं होतं हेही आठवत होतं, त्या आपल्या बाळापर्यंत ते येऊ देत नव्हत्या, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून आईनं दटावल्यावर चार वर्षांच्या तुम्हाला कसं वाटायचं, ते आठवा. आईवर राग आला तरी येऊ द्या. त्यानं तिच्यावरची माया कमी होत नाही.

मुलीला सांगायचं का? हो, पण वयाप्रमाणे. दोन वर्षांच्या मुलीला भूकंप कळत नाही, तुमचा चेहरा कळतो. तुम्ही दचकलात आणि तिनं पाहिलं तर, ‘आई घाबरली होती, आता बरी आहे’ एवढं पुरे. पाच-सहा वर्षांची झाली की, ‘आजी लहान असताना जमीन हलली होती, घर पडलं होतं, तिचे भाऊ गेले, आजीला लोकांनी बाहेर काढलं’ एवढी चार वाक्यं, वाचण्यापर्यंत पोचणारी. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांच्या कामात दिसलं की ज्या मुलांना घरातल्या बऱ्या-वाईट गोष्टी माहीत असतात, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त असतो. दहा-बारा वर्षांची झाल्यावर प्रश्न तीच विचारेल, तेव्हा नावांसकट सांगा. तोपर्यंत ती खिदळली की तुमच्या तोंडावर आईचे शब्द येतील. ते आवरा आणि तिच्याबरोबर हसा. पहिले काही दिवस मनात धाकधूक होईल. तरी हसा.